आजच्या नकाशावरून उगम ठरवू नका
हमिंगबर्ड आज फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत दिसतात, म्हणून उगमही तिथलाच, हे पक्ष्यांच्या उगमावरच्या लेखातलं गणित घाईचं वाटतं. जर्मनीत फ्राउएनवायलरच्या मातीच्या खाणीत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा युरोट्रोकिलस, म्हणजे हमिंगबर्डसारख्याच पक्ष्याचा जीवाश्म, मिळाला. जीवाश्मतज्ज्ञ गेराल्ड मायर यांनी २००४ मध्ये त्याचं वर्णन केलं. चोच डोक्याहून लांब, दंडाचं हाड आखूड नि जाडजूड, म्हणजे हवेत एका जागी तरंगायची पूर्ण सोय! माउसबर्ड या लांब शेपटीच्या छोट्या पक्ष्यांचंही तेच: आज सहाराच्या दक्षिणेला, जीवाश्म मात्र युरोप-उत्तर अमेरिकेतही. मात्र एखादं सुटं हाड मिळालं की लगेच आजच्या कुळात ढकलू नये. ते वंशवृक्षाच्या आधीच फुटलेल्या, पुढे नामशेष झालेल्या फांदीचंही असू शकतं. आणि आफ्रिकेत त्या काळातले पक्षी-जीवाश्म मुळात मोजकेच, तेव्हा ‘हे पक्षी तिथे नव्हतेच’ म्हणणंही धाडसाचं.