‘चूकही करायची आणि वर गाडी दाराशी?’ : स्लीपओव्हरवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, आणि रागाला कारण आहे. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुमची नववीतली मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला रात्री राहायला गेली. त्या घरचे आईवडील नऊला रिसेप्शनला गेले ते दीडला परतले. मधल्या वेळात मैत्रिणीच्या मोठ्या भावाचे मित्र आले, व्होडका निघाली, एक मुलगी उलट्या करून निपचित पडली. तुमच्या मुलीने घरी फोन केला नाही. चार दिवसांनी क्लासबाहेर दुसऱ्या एका आईकडून तुम्हाला हे कळलं. तुमचं म्हणणं असं की ‘कधीही बोलाव, काही न विचारता न्यायला येऊ’ ह्या माझ्या सल्ल्याने मुलं सोकावतात. घटना त्यांच्या घरात घडली, मग जबाबदारी त्यांची. आणि लाइव्ह लोकेशन चालू असताना आईबापांनी आणखी काय करायचं?

पहिल्या मुद्द्यावर जास्त बोलते, कारण त्या रात्री सगळं तिथेच अडलं. ‘चूकही करायची आणि वर गाडी दाराशी, आमच्याकडे चालत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या मुलीला हे पक्कं ठाऊक होतं. साडेबाराला तिच्या डोक्यात हिशेब साधा होता: फोन केला तर ओरडा नक्की, पुढचं राहणं बंद नक्की, मैत्रिणींत चहाडखोर ठरणं नक्की. नाही केला तर कदाचित काहीच होणार नाही. त्यात सोबतीण-सोबती समोर बसलेले. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांनी २००५ साली ३०६ जणांना गाडीचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला होता. पिवळा दिवा लागल्यावर गाडी आणखी किती पुढे दामटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी खेळताना जेवढी जोखीम घेत, त्याहून कितीतरी जास्त मित्र बघत असताना घेत होती. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असल्या-नसल्याचा फारसा फरक पडला नाही. म्हणजे घरी शहाण्यासारखी बोलणारी मुलगी तिकडे गप्प बसली, ह्यात तुमच्या संस्कारांचं अपयश शोधू नका. फोन करणं तिला महाग होतं. ते स्वस्त करणं एवढंच त्या सल्ल्यात आहे.

आता तो सल्ला नीट, कारण प्रतिक्रियेत तो अर्धाच आलाय. त्या रात्री प्रश्न नाहीत. दुसऱ्या दिवशी आहेत: झोप झाल्यावर, पोटात काही गेल्यावर, आई किंवा बाबा एकाने बसून. आणि शिक्षा झालीच तर जे केलं त्याची, फोन केल्याची कधीच नाही. प्यायली असेल तर पुढचे दोन महिने रात्रीचं राहणं बंद, हे ठीक. ‘बोलावलंस म्हणून कळलं, नाहीतर…’ हे वाक्य मात्र गिळून टाका. ते एकदा ऐकलं की पुढच्या वेळी फोन येत नाही. ह्याला अपवाद एकच: कोणी शुद्धीवर नसेल, कोणाला लागलं असेल किंवा कोणी अंगाला हात लावला असेल, तर जेवढं विचारणं गरजेचं तेवढं त्याच क्षणी विचारायचं.

बोलावण्याची खूण आधी ठरलेली हवी आणि ती कोणी खांद्यावरून वाचली तरी साधी वाटायला हवी. उदाहरणार्थ, ‘उद्याचा क्लास किती वाजता?’ असा मेसेज आला की तुम्ही पाच मिनिटांत फोन करायचा आणि बाजूच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं, ‘बाबा भडकलेत, आत्ताच्या आत्ता खाली ये, मी निघालेय.’ वाईटपणा तुमच्या माथी, मुलीची अब्रू शाबूत.

ही व्यवस्था फसते ती बारीकसारीक गोष्टींत. तिचा फोन चार्ज नसतो, किंवा यजमानांनीच ‘आज नो फोन’ म्हणून सगळ्यांचे फोन टोपलीत ठेवलेले असतात. म्हणून तुमचा एक तरी नंबर तिला तोंडपाठ हवा. हल्ली बहुतेक मुलांना नसतो, आज संध्याकाळी विचारून बघा. तुमचा फोन रात्री सायलेंटवर जातो. तिचा नंबर फेव्हरिट्समध्ये टाका आणि डू नॉट डिस्टर्ब असतानाही फेव्हरिट्सचा फोन वाजेल अशी सेटिंग करा. दोघांपैकी एकाने त्या रात्री दारूला हात लावायचा नाही, गाडी चालवावी लागू शकते. आणि अंतर. सिंहगड रोडवरून खराडीला मध्यरात्री जाता येतं. मुळशीच्या किंवा कर्जतच्या फार्महाऊसवर, जिथे नेटवर्क एका खिडकीपाशी येतं आणि मोठं माणूस म्हणजे केअरटेकर, तिथे ‘न्यायला येते’ ह्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. त्याला स्लीपओव्हर म्हणत असले तरी ती सहल आहे. तिथे एखादे आईबाबा मुक्कामाला असतील तरच हो म्हणा.

लोकेशनबद्दल एवढंच म्हणेन, की तो निळा ठिपका त्या रात्रभर अगदी बरोबर जागी होता. इमारत दिसते, आत कोण आलं ते दिसत नाही. हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर ह्यांचा २००० सालचा स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास ह्या विषयात नेहमी पुढे येतो. मुलं कुठे असतात, काय करतात हे आईवडिलांना कळतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे, पाळत ठेवल्यामुळे त्यामानाने फार थोडं, असं त्यांना आढळलं. ठिपका चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

आता ‘त्यांचं घर, त्यांची जबाबदारी’. यजमानांनी जे केलं त्याला माझ्याकडे सबब नाही. दुसऱ्यांची मुलं घरात असताना मोठ्यांपैकी एकाने घर सोडायचं नाही, आणि काही घडलं तर त्याच रात्री प्रत्येक घरी फोन. कायदाही इथे लेचापेचा नाही. महाराष्ट्रात बियरला वयाची २१ वर्षं लागतात, कडक दारूला २५. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७: अठराच्या आतल्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तो भाऊ सज्ञान असेल तर ‘पोरांची गंमत’ म्हणून हे मिटत नाही. ‘बाहेर पिण्यापेक्षा आमच्यासमोर घोटभर घेऊ दे’ म्हणत दुसऱ्यांच्या मुलांना ग्लास भरून देणाऱ्या पुरोगामी बाबांनाही हेच कलम आहे. दुचाकीची किल्ली दिसेल अशी टांगलेली असते, तिचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, ते सगळ्यांना आठवत असेल.

पण कायदा नंतर येतो. रात्री नऊला घरात मोठं कोणी आहे का, हे विचारण्याचं काम पाठवणाऱ्याचंच, आणि ते मुलीच्या फोनवरून आलेल्या ‘काकू हो म्हणाल्या’ ह्या मेसेजने होत नाही. आपल्याकडे हा फोन करायला जीव कचरतो. संशय घेतल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय असा की आधी आपली माहिती द्यावी. ‘आमचीला दम्याचा त्रास आहे, इनहेलर सॅकच्या पुढच्या कप्प्यात आहे. शेंगदाणे चालत नाहीत. मी काही करून पाठवू का? किती जणी आहेत?’ इथून पुढचे प्रश्न आपोआप येतात: रात्रभर घरात मोठं कोण, आणखी कोण झोपायला आहे, मुली कुठल्या खोलीत, रात्री बाहेर जायचा बेत आहे का. ‘मोठा भाऊ आहे, पण तो आपल्या खोलीत असतो’ असं उत्तर आलं तर ‘त्याचेही मित्र येणारेत का?’ एवढं विचारायचं. तुमच्या बाबतीत हा एक प्रश्न पुरला असता. यजमान चिडले, तर तेही उत्तरच.

‘मुलगा असता तर इतका विचार केला नसता,’ हे तुमचं वाक्य मी सोडून देणार होते, पण नको. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या देशव्यापी पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्त होते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, दोघांनाही सारखाच लागू आहे. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसतं, की पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचे असतात. म्हणून ‘घरचीच माणसं आहेत’ ह्याने फोन टळत नाही.

मुलाने असं काही सांगितलं तर खोदून खोदून, वेगवेगळ्या नातेवाइकांसमोर विचारू नका. सांगेल ते ऐका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. बलात्कार झाला असेल तर आधी रुग्णालय: सरकारी असो की खासगी, मोफत उपचार नाकारता येत नाहीत आणि एफआयआरसाठी थांबवता येत नाही. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. जबाब घरी नोंदवून घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत असं कायदाच सांगतो. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ वर फोन लागतो. आणि ज्याला कळलं त्याने कळवायलाच हवं. ‘दोन कुटुंबांत मिटवू’ म्हणून गप्प बसणाऱ्याला पॉक्सोच्या कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

निपचित पडलेल्या त्या मुलीबद्दल. तिला उताणं झोपवून, पांघरूण घालून, ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणत दिवा मालवला, हे वाचून अंगावर काटा आला. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात जातच असते. तासाभराने अवस्था आणखी बिघडू शकते. उताण्या, बेशुद्ध माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. मुलांना हे शिकवा, प्यायला शिकवणं होत नाही त्याने: हाका मारून, खांदा हलवून जागी होत नसेल तर कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे वाकवायचा, तोंड किंचित जमिनीकडे. श्वास मोजायचे. मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, ओठ निळसर, अंग गार, शुद्ध नसताना उलटी, ह्यांतलं एकही दिसलं तर १०८. सगळी लक्षणं जुळायची वाट बघायची नाही. सोबत झोपेच्या गोळ्या किंवा खोकल्याचं औषध घेतल्याची शंका असेल तर श्वास मोजत बसायचंच नाही. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, घशात बोट घालणं ह्यांतलं काहीही करायचं नाही. आणि तिला एकटीला सोडायचं नाही.

त्या रात्रीचे फोटो फिरतायत असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ‘पुरावा’ म्हणून ते इतर आयांना पाठवू नका. अल्पवयीन मुलीचा नग्न किंवा अर्धनग्न फोटो असेल तर पुढे पाठवणारा स्वतः माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली अडकू शकतो, हेतू कितीही चांगला असो. अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतली मोफत सेवा भारतातूनही वापरता येते: फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकी ठसा जातो आणि सहभागी साइट्स त्यावरून तो अडवतात. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

मैत्री तोडायला लावू का, ह्यावर माझं मत: नको. त्या घरी रात्रीचं राहणं बंद, दिवसा ती मैत्रीण तुमच्याकडे. तोडलेली मैत्री शाळेत चालूच राहते, फक्त तुम्हाला कळायची बंद होते.

सुट्टीत मुलीला चौघींना घरी बोलवायचंय, ते करू द्या. चार ठीक, दोन खोल्यांच्या घरात नऊ नकोत. आधी तुम्हीच चारही घरी फोन करा, ‘आम्ही दोघंही घरी असू, दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्याकडे’ हे न विचारता सांगा. दारूचं कपाट, गाडीच्या किल्ल्या, आजीच्या झोपेच्या गोळ्या कुलपात. गच्चीचं दार वॉचमनला सांगून बंद. बाथरूममध्ये सॅनिटरी पॅड समोर दिसतील असे ठेवा, मागायला लाज वाटते. आणि तुमच्याकडे गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर एक गोष्ट विसरू नका. घरच्यांना खिडकी उघडायची सवय असते, पाहुण्या मुलीला नसते. थंडीत खिडकी लावून एकीमागून एक पाच जणींच्या आंघोळी झाल्या की बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आधी डोकं दुखतं, चक्कर येते आणि कडी आतून लावलेली असते. सकाळी तुम्हीच बादल्या भरा, गिझर बंद करा, खिडकी उघडा, मग एकेकीला आत पाठवा.