रात्रीच्या जेवणाची वेळ: तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. रात्री लवकर जेवावं, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पोटात तेवढंच जात असेल तर सातला जेवलं काय नि दहाला जेवलं काय, सारखंच, दिवसाचं सगळं खाणं आठ तासांतच उरकणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ९१ टक्के जास्त आढळले, ते लेखात आलं नाही, आणि सव्वानऊला डोंबिवलीला उतरणाऱ्या माणसाला ‘सातला जेवा’ म्हणणं ही थट्टा आहे. शिवाय ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या तुमच्या वडिलांबद्दल विचारलं आहे. तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर शेवटी येतो.

वजनापुरतं बोलायचं तर तुमचं बरोबर आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कमी कॅलरींचा आहार होता. निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच घ्यायचा होता. त्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३ किलो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. म्हणजे ‘लवकर जेवा, आपोआप बारीक व्हा’ असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या.

पण काटा न हलताही रक्तात बरंच काही हलतं. २०१८ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांवर एक काटेकोर प्रयोग झाला. पाच आठवडे त्यांनी दिवसाचं सगळं खाणं सहा तासांत उरकलं, शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत. वेगळे पाच आठवडे तेवढंच अन्न बारा तासांत विभागून. वजन कमी होऊ नये अशा बेताने अन्न मोजून दिलं होतं. तरी लवकर जेवण्याच्या टप्प्यात शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागलं आणि सकाळचा वरचा रक्तदाब सुमारे ११ अंकांनी उतरला. त्याच प्रयोगात उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मात्र वाढले. लांबलेल्या उपासाचा तो परिणाम असू शकतो. आठच माणसं आणि तीही फक्त पुरुष, हे ध्यानात ठेवूनच हा निकाल वाचायचा.

असं का होतं? नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी रक्तात मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक चढू लागतं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर त्याचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश झेलणाऱ्या जागा) असतात आणि तिथे ते इन्सुलिनचा हात आखडता घ्यायला लावतं. अशा वेळी भाताचं ताट पुढ्यात आलं की साखर वर जाते आणि वरच रेंगाळते. स्पेनमध्ये ८४५ जणांना ग्लुकोजचं तेच द्रावण एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा एक तास आधी दिलं. उशिराच्या वेळी इन्सुलिन कमी स्रवलं आणि साखर जास्त चढली. मेलाटोनिनच्या ग्राहकाची विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांत हा फटका मोठा होता. आजोबा रात्री दहाला जेवून नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिले, असं तुम्ही लिहिलंय, त्यात मला काही नवल वाटत नाही. सगळ्यांची ठेवण सारखी नसते.

आता ९१ टक्क्यांचं. हा आकडा मार्च २०२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडला गेला. सुमारे २०,००० लोकांना ‘काल काय, कधी खाल्लं’ हे दोनदा विचारलं आणि त्या दोन दिवसांवरून त्यांची पुढच्या अनेक वर्षांची सवय गृहीत धरली. कामाच्या रगाड्यात किंवा आजारपणात भूक मेल्यामुळे त्या दिवशी कमी वेळ खाल्लं असेल, तेही याच गटात. त्यावरून आठ तासांचं खाणं जीव घेतं असं ठरत नाही. पण सकाळी उपाशी राहून दुपारी बारा ते रात्री आठ खाण्याची जी फॅशन आहे तिला आंधळेपणाने शाबासकी देऊ नये, एवढा धडा मी त्यातून नक्की घेतो. फ्रान्समधल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पाहणीतही (२०२३) सूर तोच आहे: पहिलं खाणं जितके तास पुढे ढकललं, तितका हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका तासामागे सुमारे ६ टक्क्यांनी जास्त. रात्रीचं शेवटचं खाणं नऊनंतर असणाऱ्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, आठच्या आत जेवणाऱ्यांपेक्षा २८ टक्के जास्त. हीसुद्धा पाहणीच, कारण सिद्ध करत नाही. पण वरच्या प्रयोगांच्या दिशेनेच बोट दाखवते.

राहिली तुमची लोकल. घड्याळातले सात महत्त्वाचे नाहीत, झोपेपासूनचं अंतर महत्त्वाचं. साडेअकराला झोपत असाल तर मोठं जेवण साडेआठच्या आत झालं तरी पुष्कळ. तेही जमत नसेल तर जेवण तोडा. ऑफिसात दुसरा छोटा डबा ठेवा: दोन पोळ्या किंवा एक भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. तो साडेसहाच्या सुमारास, निघण्याआधी, खाऊन घ्यायचा. घरी पोचल्यावर भाजी, कोशिंबीर, वाटीभर वरण नाहीतर ताक. पोळी आणि भात तेव्हा नाही.

हे बहुतेक ठिकाणी कुठे फसतं तेही सांगतो. डबा खाल्ला तरी घरी ताट वाढलेलं असतं, ‘थोडासा भात घे’ होतं आणि दिवसाकाठी एक जेवण वाढतं. त्यामुळे डब्यातल्या पोळ्या घरच्या हिशोबातून वजा व्हायला हव्यात, आणि हे स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सकाळीच माहीत हवं. दुसरी गळती साडेदहाच्या साखरेच्या चहाची आणि बिस्किटांची. आठला जेवून वर हे केलं तर शरीराच्या लेखी तुम्ही साडेदहालाच जेवलात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, ग्लुकोमीटरवर ठेवा. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी, वाटीभर भात असं एकच ताट ठरवा. तीन दिवस ते साडेसातला खा, तीन दिवस दहाला. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा साखर मोजा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो. एका वेळी शतपावली आणि दुसऱ्या वेळी सोफा असं करू नका, नाहीतर फरक चालण्याचा निघेल. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, तिन्ही दिवसांची सरासरी बघा.

हा प्रयोग वडिलांवर मात्र परस्पर करू नका. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, अन्न आलं असो वा नसो. गोळी नेहमीच्या वेळेला आणि जेवण मागेपुढे, किंवा रात्रीचं जेवण सातला हलकंसं करून मग सकाळपर्यंत काहीच नाही, असं झालं तर पहाटे साखर घसरू शकते. इन्सुलिनच्या इंजेक्शनचं तेच. मधुमेहाच्या नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर हा धोका फार कमी. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर लांबलचक उपासही नको. त्यामुळे आधी त्यांच्या डॉक्टरांना जेवणाची नवी वेळ सांगा आणि गोळीची वेळ नि मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्या. बदल करायचाच तर आठवड्याला अर्धा तास, आणि पहिले काही दिवस झोपताना व उठल्यावर साखर मोजून वहीत लिहा. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं किंवा आकडा ७० च्या खाली गेला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि ग्लिमेपिराइडमुळे घसरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी परत घसरू शकते, म्हणून सावरल्यावरही त्यांना पोळी-भाजी खायला घाला आणि त्या रात्री एकटं झोपू देऊ नका.