कृतज्ञतेची वही आणि एक प्लेट पोहे

निवृत्तीनंतर माणसाने वर्तमानात जगायला शिकले पाहिजे, असे आमच्या पुण्याच्या कन्येचे मत पडले आणि तिने जाड पुठ्ठ्याची एक वही कुरियरने धाडली. ज्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते अशा तीन गोष्टी रोज रात्री तीत लिहायच्या, असा दंडक होता. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी यावर २००३ साली संशोधन प्रसिद्ध केले आहे, हेही तिने ऐकवले. त्यांच्या पहिल्या प्रयोगातली मंडळी आठवड्यातून एकदाच लिहीत होती, हे मात्र मला फार उशिरा कळले. आमचे आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालत आणि मोकळे होत. त्यांना वही लागली नाही.

वहीपाठोपाठ सजगता, म्हणजे हातातल्या क्षणाकडे पूर्ण लक्ष देण्याची साधना, आली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या शिक्षणक्रमात म्हणे एकच बेदाणा न्याहाळून, हुंगून, अगदी सावकाश खायला लावतात. आमच्या घरी बेदाणे शिऱ्यापुरतेच येतात, शिवाय इंदूरच्या माणसाने साधना करायची तर ती पोह्यांवरच करावी, अशा विचाराने मी सकाळी रामबागेतून निघून नेहमीचा ठेला गाठला. वाफेवरचे पोहे, त्यांवर कांदा, सेव, जीरावण हा इंदुरी मसाला आणि शेजारी जलेबी, असा सगळा ऐवज मी आधी डोळे भरून पाहिला. मग पहिला घास घेऊन डोळे मिटले. दाताखाली बडीशेपेचा दाणा आला, त्याची मी आदराने दखल घेतली. जीरावणाची आंबट-तिखट चव जिभेच्या कडेने पसरू लागली, तिच्याही मागोमाग गेलो. एवढ्यात ठेलेवाल्याचा आवाज आला, ''क्या हुआ भिया, कंकड़ आया क्या?'' मी डोळे न उघडता नकारार्थी मान हलवली, त्यावरून घास अडकल्याचा निष्कर्ष काढून मागच्या गिऱ्हाइकाने माझ्या पाठीत थाप घातली, आणि जो ठसका लागलाच नव्हता तो त्या थापेने लागला.

घरी बसून ध्यान करावे, तर इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले आहे, आणि त्याची किंमत माझा श्वास मोजतो. चित्त त्यावर स्थिरावते न स्थिरावते तोच गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचे गाणे सुरू होते. एकदा तशाच अर्धोन्मीलित अवस्थेत जाऊन मी चहाचा चोथा सुक्या कचऱ्याच्या खणात ओतला. गाडीवरच्या बाई कडाडल्या, ''अंकल, ध्यान कहाँ है आपका?'' या प्रश्नाचे खरे उत्तर देणे गल्लीत उभे राहून शक्य नव्हते.

सहा आठवड्यांनी सौभाग्यवतींनी वही वाचली. बँकेचे पासबुक तपासावे तशा तिने सगळ्या नोंदी तपासल्या. पोहेवाला अकरा वेळा निघाला, गुडघा चार वेळा, आणि ती स्वतः दोनदा. त्यातली एक नोंद 'दुपारी घरात शांतता, ही झोपली होती' अशी होती.

''अहो, म्हणजे मी झोपले की तुम्ही कृतज्ञ!''

त्या रात्रीपासून तिन्ही गोष्टी तीच सांगते आणि मी शुद्धलेखन सांभाळतो.