कानाझावाला ‘छोटं क्योतो’ म्हणू नका

जपानमधल्या कानाझावा शहरावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात या शहराला ‘छोटं क्योतो’ म्हटलंय ते पटलं नाही. क्योतो ही सम्राटाची जुनी राजधानी, तर कानाझावा हे माएदा सरदारांचं किल्ल्याभोवती वाढलेलं गाव. त्याही आधी, 1488 पासून जवळपास शंभर वर्षं, या कागा प्रांतात बौद्ध भिक्षू आणि शेतकऱ्यांच्या संघटनेची सत्ता होती. हा भाग लेखात यायलाच हवा होता. 1583 मध्ये माएदा तोशिइए आले आणि पुढे त्यांची जहागीर दहा लाख कोकूंच्या (कोकू म्हणजे तांदळाच्या उत्पन्नाचं जुनं माप) वर गेली. जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगावा शोगुनांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून या घराण्याने पैसा लष्कराऐवजी कलाकुसरीवर ओतला, असं इतिहासकार सांगतात.

त्याचं फळ आजही दिसतं. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख इथेच बनतो. खास कागदांच्या थरांत ठेवून सोनं इतकं ठोकतात की जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकी उरते. बोट लावलं तर वर्ख फाटतो, म्हणून बांबूच्या चिमट्याने उचलतात.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांतून शहर वाचलं, म्हणून जुन्या गल्ल्या शाबूत आहेत. 2015 मध्ये शिंकानसेन (बुलेट ट्रेन) आली आणि हिगाशी चाया या जुन्या चहाघरांच्या वस्तीतल्या अरुंद रस्त्यांवर पर्यटकांची रीघ लागली. रहिवाशांना याचा त्रास होणारच, त्यांची बाजूही मांडा.

आणि एक विनंती. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात कानाझावाच्याच इशिकावा प्रांतातलं वाजिमा शहर उद्ध्वस्त झालं, तिथला सकाळचा बाजार जळून गेला. तिथल्या लाखकाम करणाऱ्या कारागिरांवर पुढचा लेख जरूर लिहा.