वाफेच्या पातेल्यात विषाणू मरत नाही

जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही (ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस) या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या बातम्या झळकल्या आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवरून एक सल्ला घरोघरी पोहोचला: हा चीनमधून आलेला नवा विषाणू आहे, तो आधी घशात बसतो, म्हणून मुलांना दिवसातून तीनदा वाफ द्यावी आणि सोबत अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा तीन दिवसांचा कोर्स करावा. यातले एकही विधान टिकत नाही.

नवेपणाचे म्हणाल, तर नेदरलँड्समधील संशोधकांनी हा विषाणू 2001 मध्ये ओळखला आणि 1958 सालच्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांतही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) त्यांना आढळली. भारतातील त्याची पहिली नोंद तर पुण्यातली, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेली. पाच वर्षांचे होईपर्यंत बहुतेक मुलांना तो एकदा तरी गाठतो; आपण त्याला ‘सर्दी-खोकला’ म्हणून मोकळे होतो, इतकेच.

वाफेचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात इजा होते. विषाणू घशात नुसता बसून राहत नाही. तो श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशींच्या आत शिरून वाढतो, आणि त्या पेशींना न भाजता आतल्या विषाणूला मारील अशी उष्णता वाफेने देता येत नाही. चोंदलेले नाक काही वेळ मोकळे वाटते हे खरे, आणि मोठ्या माणसाने तेवढ्यासाठी जपून वाफ घेतली तर तक्रार नाही. पण जमिनीवर उकळत्या पाण्याचे पातेले, डोक्यावरून टॉवेल आणि आत चार वर्षांचे चुळबुळणारे मूल, अशी मांडणी केल्यावर ते पातेले कलंडायला एक लाथ पुरते.

अझिथ्रोमायसिन जिवाणूंच्या रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्राला, चिकटून त्यांची प्रथिननिर्मिती रोखते. विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो, तो आपल्या पेशींचा वापरतो. मग औषधाने धरायचे कशाला? शेंबूड हिरवा झाला म्हणजे जिवाणूसंसर्गच, हा समजही चुकीचा आहे, कारण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतील विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो.

प्रतिबंधाबद्दल मात्र त्या मजकुरात अवाक्षर नाही. एचएमपीव्हीवर लस नाही, परंतु त्याचे मेदाचे आवरण साबणाने फुटते, म्हणून बाळाला घेण्याआधी हात धुणे आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला त्याचे पापे घेऊ न देणे (रुसवा पत्करूनही) एवढे आपल्या हातात आहे.

आणि मूल आजारी पडलेच, तर पातेल्याऐवजी सेकंदकाट्याचे घड्याळ घ्यावे. मूल शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे 60, वर्षाखालील बाळाचे 50 आणि पाच वर्षांखालील मुलाचे 40 किंवा त्याहून अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.