साठ फेरे कुठं गेले?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल तर सरळ पुढं जा, राग नाही.

सकाळी अकराला आम्हा शिक्षकांचं ऑनलाईन प्रशिक्षण होतं. मार्गदर्शक साहेबांनी स्क्रीनवर यादी लावली. हिरव्या रंगात 'सिंक्रोनस' शिक्षक, म्हणजे थेट हजर राहणारे, लाल रंगात 'असिंक्रोनस', म्हणजे नंतर रेकॉर्डिंग बघणारे. आणि वर अर्थही सांगितला, "असिंक्रोनस म्हणजे सोप्या भाषेत लेट लतीफ." सगळ्या चौकोनांतून खसखस पिकली. त्या लाल यादीत आमच्या एक बाई होत्या. त्यांच्या सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळल्यात. रात्री त्यांना कूस बदलून दिली, की साडेअकराला बाई रेकॉर्डिंग लावतात. आणि स्वाध्याय आमच्या सगळ्यांच्या आधी पाठवतात. आधी! आम्ही हिरवे लोक कॅमेरा बंद करून भाजी निवडत होतो. (मी गवारी. खोटं कशाला बोलू.)

मी मराठी शिकवते, विज्ञान माझा प्रांत नव्हे. पण हा शब्द मला सहावीत असताना भेटलाय, पलूसला, आण्णांच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात. वार्निशचा वास, जळक्या तांब्याच्या तारांचा ढीग आणि पायाशी उघडी पडलेली कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर. शाळा सुटली की मी तिथंच बसून गृहपाठ करायची.

एकदा एक तात्या तणतणत आले. "काय ओ मेस्त्री, भावकीतला म्हणतोय मोटर पंधराशेची असती. माझ्या पाटीवर १४४० लिवलंय. साठ फेरं कुठं मारलं?" त्यांना वाटलं आण्णांनीच वाइंडिंगमध्ये काहीतरी खाल्लं. आण्णा हसले नाहीत. म्हणाले, "तात्या, ते साठ फेरंच तुमचं पाणी उपसत्यात."

तात्यांना ते पटलं नाही, मलाही नाही. मग आण्णांनी समजावलं. आपली लाईट पन्नास हर्ट्झची. चार पोलच्या मोटरीत बाहेरच्या कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला बरोबर १५०० फेरे घेतं. आतल्या फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला, कुठूनही तार जोडलेली नसते. ते क्षेत्र त्याला ओलांडून पुढं पळतं, म्हणून त्याच्यात करंट तयार होतो आणि तो मागं धावतो. धावतो, पण गाठत नाही. दोघांचा वेग एक झाला, तर ओलांडणं संपलं, करंट संपला, जोर संपला. "फुडं गडी वैरणीचा भारा घिऊन चाललाय, मागं बैल," आण्णा म्हणाले. "बैलाचं तोंड भाऱ्याला लागलं की बैल उभाच ऱ्हातोय." या मागं राहण्याला स्लिप म्हणतात, आणि अशा मोटरीला पुस्तकात असिंक्रोनस मोटर म्हणतात, हे त्यांनी मला नंतर त्यांच्या आयटीआयच्या फाटक्या पुस्तकात दाखवलं.

साहेब, लेट लतीफ नाही. काम करणारी मोटर.

आता जरा मास्तरकी करते. ग्रीकमध्ये क्रोनोस म्हणजे काळ, सिन म्हणजे सोबत, आणि सुरुवातीचा 'अ' आपलाच, अशक्य-अमान्यमधला. म्हणजे 'एका वेळी नाही' एवढंच. असमकालिक. यात उशीर कुठंय? आळस कुठंय? शिवकालीन नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर तो कालविपर्यास, ती चूक. ठरल्या वेळी काम दिलं नाही तर ती दिरंगाई, त्यालाही आपल्याकडं शब्द आहे. असिंक्रोनसमध्ये चूकच नाही. दोघांनी एकाच घड्याळाकडं बघायचं बंधन नाही, बस्स.

आणि हे आपल्याला कधी परकं होतं? आमचे थोरले काका मुंबईला गिरणीत होते. आजीची आणि त्यांची सगळी बोलणी आंतर्देशीय पत्रावर. मला नंतर भाच्यानं, तो इलेक्ट्रॉनिक्सवाला, सांगितलं की यंत्रंसुद्धा अशी बोलतात. दोघांत सामाईक घड्याळाची तार नसेल तर प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट आणि शेवटी एक स्टॉप बिट लावतात, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं कुठून सुरू, कुठं संपलं. मी म्हटलं, अरे, मग वर 'श्री' आणि खाली 'कळावे, लोभ असावा' हे काय होतं! तो बराच वेळ हसला. आजीचं पत्र आठ दिवसांनी पोचायचं, पण तिला कुणी लाल यादीत नाही टाकलं.

हां, मान्य, काही जण या शब्दाच्या आड लपून रेकॉर्डिंग कधीच बघत नाहीत. असतील. त्यांचं नाव घ्या ना मग.

आणि हेही मान्य, की काही गोष्टी एका तालातच चालायला लागतात. कोयनेचं जनित्र ग्रीडला, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्याला जोडताना व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेज सगळं जुळावंच लागतं, नाहीतर यंत्राला असा हिसका बसतो की विचारू नका. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडशी जुळलं. सगळा देश पन्नास हर्ट्झच्या एका ठेक्यावर. आण्णांनी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले होते आणि गिऱ्हाइकांना कळेना, कुणाचं लग्न ठरलं. पण एवढ्या सगळ्या शिस्तीच्या टोकाला, उसाच्या कडेला, विहिरीवर काय बसलंय? आपली १४४० वाली. ती सिंक्रोनस नाही म्हणून तर पाणी चढतंय.

सकाळी बोलायला हवं होतं मी. म्यूट काढायला गेले आणि नाही काढलं. हे लिहिताना साहेबांपेक्षा स्वतःचाच राग येतोय आता. दुपारी त्या बाईंना फोन केला, तर त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या ओ मॅडम, त्यांना कुणी सांगितलंच नसंल." यादी त्यांनी पाहिली होती, आवाज नेहमीसारखाच होता. मला मात्र गवारी आठवली.

आण्णांना आता ऐकू कमी येतं. फोनवर दोघांनी एकदम बोललं की सगळा गोंधळ होतो, ते चिडतात, मी ओरडते. म्हणून दोन वर्षं झाली, आम्ही फोन करतच नाही. ते पहाटे साडेचारला उठून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात, मी रात्री सगळं आवरल्यावर गच्चीत जाऊन ऐकते आणि उत्तर देते. ते त्यांना दुसऱ्या दिवशी कानाला फोन लावून, तीनतीनदा, पाहिजे तेवढ्या मोठ्यानं ऐकता येतं. खरं सांगते, सहावीनंतर एवढं बोललो नव्हतो आम्ही. लग्नात नाही, आई गेली तेव्हा नाही.

आजचा अजून ऐकला नाहीये. तीन मिनिटं बारा सेकंदांचा आहे. पहिली दोन मिनिटं लाईट किती वाजता गेली आणि किती वाजता आली यावर असणार. चला, गच्चीत जाते.