बेडलमची पेनी आणि 96 हजारांचा हिशेब

मानसिक आरोग्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सारांश असा: ‘अठराव्या शतकात लंडनच्या बेडलम रुग्णालयात एक पेनीचं तिकीट काढून वेड्यांना बघता यायचं. वर्षाला 96 हजार लोक यायचे. या तमाशामुळे रुग्णांचे हाल झाले. 1770 मध्ये दारं बंद केली आणि हाल थांबले. आता त्याच जागी म्युझियम काढून तोच तमाशा नव्याने चालू आहे. आपल्याकडे मात्र वेड्याला कधी साखळी लागली नाही.’ खाली हात जोडल्याचं चिन्ह.

बेडलम खरं आहे. रुग्णालयाचं नाव बेथलेम, लोकांच्या तोंडी त्याचं बेडलम झालं. 1247 मध्ये लंडनच्या बिशप्सगेटबाहेर बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावाने एक मठ सुरू झाला. त्याचं पुढे इस्पितळ झालं आणि 1403 च्या पाहणीत तिथे मनोरुग्ण असल्याची नोंद आहे. 1676 मध्ये ते लंडनमधल्याच मूरफील्ड्सच्या राजवाड्यासारख्या इमारतीत गेलं. ही इमारत रॉबर्ट हूकची. शाळेत स्प्रिंगच्या नियमात भेटतो तोच हा हूक. बघ्यांची गर्दी व्हायची ती इथे.

पण 96 हजार हा आकडा दारात उभं राहून कुणी मोजलेला नाही. थॉमस बोवेन याने 1783 मध्ये रुग्णालयाचा वृत्तान्त लिहिताना नमूद केलं की मुक्त प्रवेश होता तेव्हा येणाऱ्यांकडून वर्षाला किमान 400 पौंड जमत. त्या काळी पौंडाचे 240 पेन्स. 400 ला 240 ने गुणा, बरोबर 96,000. म्हणजे प्रत्येकाने पेनी दिलीच, एकच दिली, कुणी शिलिंग (म्हणजे बारा पेन्स) टाकला नाही आणि कुणी फुकट आत शिरला नाही, एवढं सगळं गृहीत धरायचं. मुळात ठरलेलं तिकीटच नव्हतं. गरीब रुग्णांसाठी पेटी होती, तिच्यात ज्याने त्याने मनाला येईल ते टाकायचं. देवळाच्या दानपेटीतल्या रकमेवरून माणशी एक रुपया धरून भक्तांची शिरगणती करावी, तसलं हे गणित आहे. बेथलेमच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी ते केव्हाच बाजूला ठेवलं. फॉरवर्डमध्ये ते अजून ठणठणीत आहे.

मग लोक येत नव्हते का? येत होते, आणि चांगले झुंडीने येत होते. 1753 मध्ये ‘द वर्ल्ड’ या साप्ताहिकात एकाने लिहिलंय की ईस्टरच्या आठवड्यात किमान शंभर माणसं कुणाच्याही देखरेखीशिवाय दालनांमधून धुडगूस घालत रुग्णांची टिंगल करत होती. ही लाज खरी आहे, ती मला धुऊन काढायची नाही. गर्दीत रुग्णांचे नातेवाईक असत, देणगी देऊ शकणारे श्रीमंतही असत. विश्वस्तांना दारं उघडी हवी होती ती मुख्यतः या दुसऱ्यांसाठी.

मजकुरातलं सगळ्यात चुकीचं वाक्य यानंतरचं आहे: ‘दारं बंद झाली आणि हाल थांबले.’ 1770 नंतर विश्वस्ताच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय आत जाता येईना. टिंगल थांबली, पण बाहेरची नजरही थांबली. चव्वेचाळीस वर्षांनी, 1814 मध्ये, एडवर्ड वेकफिल्ड नावाचा सुधारक आत पोचला, तोही विश्वस्ताला बरोबर घेऊनच. तिथे त्याला जेम्स नॉरिस दिसला. हा अमेरिकन खलाशी. त्याच्या गळ्यात लोखंडी कडं होतं, ते आखूड साखळीने एका उभ्या लोखंडी दांड्याला अडकवलेलं. कमरेला लोखंडी पट्टा, आणि दोन्ही दंड त्या पट्ट्याला जखडलेले. त्याला पाठीवर पडता येई, कुशीवर वळता येत नसे. असा तो जवळपास दहा वर्षं होता. वेकफिल्डशी तो नीट बोलला, आणि त्याला वाचायला पुस्तकं-वर्तमानपत्रं दिली जात होती. त्याचं चित्र छापलं गेलं, बोंबाबोंब झाली आणि 1815 मध्ये संसदेची चौकशी समिती बसली. नॉरिसला मोकळं केलं होतं, पण त्याच वर्षी तो वारला.

समितीसमोरची बेथलेमचे डॉक्टर थॉमस मन्रो यांची साक्ष मला त्या लोखंडापेक्षा भयंकर वाटते. ठरलेल्या ऋतूत रुग्णांचं रक्त काढायचं, मग ओकाऱ्या करवायच्या, मग जुलाब द्यायचे, सरसकट सगळ्यांना. असं का, तर ही पद्धत वडिलांकडून आली आणि याहून चांगली मला ठाऊक नाही. यात कुठेही बघ्यांचा हात नव्हता. पगारी डॉक्टर नित्यनेमाने हे करत होते. 1816 मध्ये मन्रोंना जावं लागलं, आणि त्यांच्या जागी कोण आलं? त्यांचाच मुलगा एडवर्ड. याआधी थॉमसचे वडील आणि आजोबाही तिथलेच डॉक्टर. वतनदारी आपल्याकडेच होती असं नाही.

‘आपल्याकडे साखळी नव्हती’ यावर फार लिहायची गरज नाही. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडीला एका खासगी आश्रयगृहात आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. 28 जण गेले. मोठी सरकारी मनोरुग्णालयं इंग्रजी अमलात उभी राहिली हे खरं. रत्नागिरी, ठाणे, येरवडा सगळी त्याच काळातली. पण इंग्रज गेल्यावर साखळ्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधू नये, हे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं ते उगाच नव्हे. आणि ‘याला ठाण्याला भरती करा’, ‘येरवड्याला नेऊन सोडा’ हे विनोद कोणत्या विलायती गर्दीने शिकवले?

राहिलं म्युझियम. ‘त्याच जागी’ हे साफ चूक. मूरफील्ड्सची इमारत राहिलेली नाही. 1815 मध्ये रुग्णालय नदीपलीकडे साउथवर्कला गेलं, आणि त्या इमारतीच्या उरलेल्या भागात आज इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. लंडनला जाऊन आलेल्या कितीतरी मराठी माणसांनी तिथल्या तोफांपुढे फोटो काढलेत, आपण जुन्या बेडलमच्या दारात उभे आहोत याचा पत्ता नसताना. रुग्णालय 1930 मध्ये बेकनहॅमला हललं. ते आजही चालू आहे आणि त्याच आवारात 2015 मध्ये ‘म्युझियम ऑफ द माइंड’ उघडलं. प्रवेश मोफत आहे. आत रुग्ण दाखवत नाहीत, रुग्णांनी केलेलं काम दाखवतात. जिन्यापाशी केयस गॅब्रिएल सिबरचे दोन दगडी पुतळे आहेत, एक उदास आणि एक साखळीत पिसाळलेला. ते मूरफील्ड्सच्या फाटकावर होते. जखडण्याची साधनंही मांडलेली आहेत. ती लपवली असती तर हाच मजकूर ‘इंग्रजांनी पुरावे दडवले’ म्हणून फिरला असता.

संग्रहात लुई वेनची मांजरंही आहेत. हा चित्रकार 1925 ते 1930 या काळात बेथलेममध्ये होता. गोजिऱ्या मांजरापासून रंगीबेरंगी नक्षीपर्यंतची त्याची चित्रं ओळीने लावून ‘बघा, आजार कसा वाढत गेला’ असं दाखवतात. त्या चित्रांवर तारखाच नाहीत. क्रम लावला तो मनोविकारतज्ज्ञ डॉ. वॉल्टर मॅक्ले यांनी, स्वतःच्या समजुतीप्रमाणे. तो क्रमही अधूनमधून फॉरवर्ड होऊन येतोच. त्याचा समाचार वेगळा घ्यावा लागेल.